आधी समजलं का, ते बघू

बालमानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपरवर येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. चावतो. वर्गात बसत नाही. बाईंनी सांगितलेलं करत नाही. एकटाच खेळतो. हट्टाला पेटला की जमिनीवर डोकं आपटतो. ‘याला बोललेलं कळत नाही’ अशी तक्रार घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे कुणी येत नाही. त्यासाठी लोक कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातात, जीभ चिकटलेली आहे का बघून घेतात, नाहीतर घरात आजी वेखंड उगाळते. मी वाचा-भाषा तज्ज्ञ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘स्पीचवाल्या मॅडम’. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मानसोपचार विभागाला लागून असलेल्या खोलीत माझं टेबल आहे. तीन ते सहा वर्षांची ही मुलं डॉक्टरांनी बघितल्यावर माझ्याकडे पाठवली जातात. सगळी नाही. पाठवायला हवीत त्यापेक्षा बरीच कमी.

मुलाला डॉक्टर काय विचारतात ते एकदा बाजूला बसून ऐकण्यासारखं असतं. शाळेत कुणाशी भांडण झालं? त्याला का मारलंस? तेव्हा तुला काय वाटलं? रात्री भीती वाटते का, कशाची? विचारणारा माणूस प्रेमळ असतो, आवाज हळू असतो. पण ‘का मारलंस’ या एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर द्यायला काय काय लागतं बघा. आधी काय झालं, मग काय झालं, हा क्रम लागतो. एकाचं कृत्य दुसऱ्याच्या कृत्याशी ‘म्हणून’ने जोडावं लागतं. ऐकणारा तिथे नव्हता, त्यामुळे ‘तो’ म्हणजे कोण हे सांगावं लागतं. राग, लाज, हेवा यांना नावं लागतात. भाषा नीट वाढत असलेलं पाच वर्षांचं मूल यातलं बरंचसं निभावतं. ‘त्याने माझा खडू घेतला ना, म्हणून मी ढकललं, मग तो पडला.’ झालं, खटला निकालात. ज्याला हे वाक्य बांधताच येत नाही तो खाली बघतो, बुटाचा बेल्ट काढ-घाल करतो, ‘माहीत नाही’ म्हणतो, किंवा उठून दाराकडे धावतो. कागदावर नोंद होते: नजर देत नाही, सहकार्य करत नाही, मोठ्यांना जुमानत नाही. मुलाखत हीच भाषेची परीक्षा झालेली असते, फक्त तिचे गुण वर्तनाच्या खात्यात पडतात.

हे मी माझ्या धंद्याच्या अभिमानापोटी म्हणत नाही. टोरांटोमध्ये नॅन्सी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार ते बारा वर्षांची मुलं, फक्त वर्तनाच्या आणि भावनिक तक्रारींसाठी मानसोपचार केंद्रात आलेली. भाषेबद्दल कुणालाही शंका नव्हती. प्रत्येकाची भाषा पद्धतशीर तपासली तेव्हा त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश मुलांना भाषेचा दोष निघाला. तोपर्यंत तो आई-वडिलांना दिसला नव्हता, शाळेला दिसला नव्हता, केंद्रातल्या डॉक्टरांनाही नाही. उलट बाजूने डेनिस कँटवेल आणि लोरियन बेकर यांनी लॉस एंजेलिसमध्ये वाचादोषासाठी आलेली सहाशे मुलं बघितली होती. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना मानसोपचाराच्या भाषेत नाव देता येईल असा काहीतरी त्रास होता. दोन वेगळ्या दारांनी आत यावं आणि बहुतेक तीच मुलं भेटावीत, असा प्रकार. तिसरा अभ्यास मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. कॅनडातच, ओटावा भागात, १९८२ साली जोसेफ बाइचमन यांच्या गटाने पाच वर्षांच्या मुलांची चाळणी लावली, वाचा-भाषेचा दोष असलेली १४२ मुलं निवडली आणि ती मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. एकोणीस वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात चिंताविकार, विशेषतः चारचौघांत वावरण्याची भीती, बरोबरीच्या मुलांपेक्षा ठळकपणे जास्त होती. यातला फरक महत्त्वाचा आहे: ज्यांचे फक्त उच्चार बोबडे होते त्यांचं पुढे बहुतेक ठीक झालं. ज्यांना भाषाच जड जात होती त्यांचं नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. ‘र’ येत नाही, ‘ळ’च्या जागी ‘ल’ म्हणतो, म्हणून आई-बाबा रजा काढून येतात. मराठीत ही दोन अक्षरं तशीही उशिरा स्थिरावतात. मात्र ‘दप्तर ठेव आणि डबा आण’ यातलं अर्धंच पोचणारं मूल शाळेतून ‘मस्तीखोर’ हा शेरा घेऊन येतं.

न समजणं इतकं लपतं कसं, याचं उत्तर घरात आहे. आई म्हणते, ‘सगळं समजतं त्याला, फक्त बोलत नाही.’ ती खोटं बोलत नसते. संध्याकाळी पाच वाजता, हातात पिशवी, दार अर्धं उघडलेलं, नजर चपलांच्या रॅककडे, अशा वेळी ‘चप्पल घाल’ हे वाक्य न ऐकताही समजतं. माझ्याकडे मी पहिलं काम करते ते हे आधार काढून घेण्याचं. हात मांडीवर ठेवते, वस्तूकडे बघत नाही, आणि प्रसंगाशी संबंध नसलेलं काहीतरी सांगते: ‘चमचा बुटात ठेव.’ ज्याला शब्द समजतात ते मूल आधी माझ्याकडे संशयाने बघतं, मग हसतं, मग ठेवतं. ज्याला समजत नाहीत ते चमचा वाटीत ठेवतं, कारण चमचा वाटीतच जातो. आई शेजारीच बसलेली असते. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसतं त्यासाठी मी थोडा वेळ मुद्दाम राखून ठेवते. तिथे लगेच पुढची चाचणी सुरू करायची नसते.

मग प्राणी निघतात. प्लॅस्टिकचा घोडा, हत्ती, गाय. ‘घोडा हत्तीला ढकलतो, दाखव बरं.’ हे बहुतेकांना जमतं. आता, ‘घोड्याला हत्ती ढकलतो.’ शब्द तेच, फक्त ‘ला’ दुसऱ्या प्राण्याला चिकटला. जे मूल अजून ‘पहिला आला तो करणारा’ या हिशेबाने चालतं, त्याचा घोडाच पुन्हा हत्तीला ढकलतो. प्राणीही विचारपूर्वक निवडावे लागतात. गाय आणि घोडा घेतले तर ‘ढकलते’ की ‘ढकलतो’ यावरूनच उत्तर फुटतं. दोन्ही नर घेतले तर मुलाला ‘ला’वाचून दुसरा आधार नसतो. हे मला कुठल्या इंग्रजी चाचणीत सापडणार नव्हतं, कारण इंग्रजीत करणारा कोण हे मुख्यतः जागेवरून ठरतं. मराठी शब्दांना हलवते, प्रत्ययांना धरून ठेवते. म्हणून मराठी मुलाची भाषा कुठे अडते ते प्रत्ययांत शोधावं लागतं. ‘दादाने पोळी खाल्ली’ आणि ‘दादाने लाडू खाल्ला’. खाणारा तोच, पण क्रियापद पोळीचं आणि लाडवाचं ऐकतं. साडेपाच वर्षांचं मूल अजूनही सर्रास ‘दादा पोळी खाल्ला’ म्हणत असेल, घरची बोलीही तशी नसेल, तर मी कान टवकारते.

त्याहून सोपी आणि फार बोलकी गोष्ट म्हणजे ‘माझ्यामागे म्हण’. वाटतं की हा पोपटपंचीचा प्रकार. तसं नाही. ज्या रचनेवर मुलाची पकड नाही ती लांब वाक्यात त्याला परत म्हणता येत नाही. ते वाक्य त्याच्या स्वतःच्या व्याकरणातून गाळून बाहेर येतं. ‘ज्या मुलाने फुगा फोडला तो पळाला’ असं मी म्हणते आणि समोरून येतं, ‘मुलगा फुगा पळाला.’ जो-तो गेला, ‘ने’ गेला, फोडणं गेलं. जगभरात भाषेचा दोष ओळखायला वाक्य परत म्हणवून घेण्याची ही पद्धत वापरतात, आणि माझ्या मते गर्दीच्या ओपीडीत हिच्याइतकं थोड्या वेळात जास्त सांगणारं दुसरं काही नाही. डॉक्टरांच्या प्रश्नात असलीच वाक्यं असतात हेही विसरून चालत नाही. ‘ज्या मुलाने तुला मारलं त्याचं नाव काय?’

भातुकली मात्र मी घाई न करता मांडते. मूल स्वतःहून काय बोलतं ते ऐकायला खेळच लागतो, आणि मी गप्प बसावं लागतं, जे माझ्या स्वभावाला कठीण आहे. ‘हे काय? याचा रंग कोणता?’ असे प्रश्न विचारत बसलं की एकेक शब्दाची उत्तरं मिळतात आणि मुलाकडे वाक्यंच नाहीत असं वाटू लागतं. चहा ओतला, बाहुलीला दिला, बाहुलीचं तोंड भाजलं, रडली. मूल यात किती शब्द जोडतं? बाहुलीच्या वतीने बोलतं का? माझा कप रिकामा राहिला हे त्याच्या लक्षात येतं का, आणि आलं तर ते कशाने सांगतं, बोटाने, आवाजाने की वाक्याने? मानसोपचाराच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट शब्दसंख्येपेक्षा मोलाची आहे. ज्याची फक्त भाषा मागे आहे ते मूल शब्द नसतानाही माझ्याशी व्यवहार करतं: ओढतं, दाखवतं, चिडवतं, माझ्या चेहऱ्याकडे बघून तपासतं. स्वमग्नतेत (ऑटिझममध्ये) तो व्यवहारच वेगळा असतो, आणि तिथे पुष्कळ शब्द असूनही तो वेगळा राहू शकतो.

शब्दांवरून आठवलं. ‘किती शब्द बोलतो?’ या प्रश्नाला आया नेहमी कमी आकडा सांगतात. ‘तीनच. आई, बाबा, दे.’ मग मी विचारते, बाहेर जायचं असेल तर? ‘भुर्र म्हणतो.’ झोपायचं असेल तर? ‘जोजो.’ खायला? ‘मंमं.’ आणि माऊ, काऊ, चिऊ, हम्मा? ‘ते तर म्हणतोच की, पण ते काही शब्द नाहीत.’ शब्दच आहेत. पालकांकडून भरून घ्यायच्या यादीत हे नसतील तर दोन वर्षांचं मराठी मूल उगाचच मुकं ठरतं. दोन वर्षांच्या आसपास पन्नासेक शब्द आणि ‘बाबा भुर्र’सारख्या दोन शब्दांच्या जोड्या आल्या नसतील तर लक्ष ठेवायचं, ही आमची ढोबळ रेघ. त्या रेघेच्या मागे असलेली बरीच मुलं पुढे आपोआप गाठतातही. पण ‘याचे बाबाही पाच वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते’ हे वाक्य ज्या दिलाशाने सांगितलं जातं त्या दिलाशाने मी ते ऐकत नाही. भाषेचे दोष घराण्यात चालतात. बाबांना नंतर शाळा कशी गेली, हे मी हळूच विचारून घेते.

साधनांबद्दल लोकांना वाटतं की आमच्याकडे काहीतरी यंत्र असेल. यंत्र कानासाठी आहे, आणि ते सगळ्यात आधी. झोपेत केलेली बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूकडे नीट पोचतो का ते बघणारी, हातात आल्याशिवाय भाषेबद्दल ठाम काही बोलायचं नाही, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साठलेलं मूल आज ऐकतं, सर्दी झाली की ऐकत नाही, आणि घरात ‘सोयीनुसार ऐकतो’ असा त्याचा लौकिक होतो.

बुद्धिमापनाच्या कसोट्यांमध्ये मात्र मराठी मुलाचं थोडं नशीब आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने यांची कसोटी आपल्याकडच्या मुलांसाठी बसवली ती मराठी आणि कानडी मुलांवर. नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी वेक्सलर यांच्या बालकसोटीचं भारतीय रूप केलं. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी विकासाची मोजपट्टी तयार केली. बिने-कामत आजही सरकारी रुग्णालयांत दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी रोज वापरली जाते. प्रश्न असा की तिच्यातला मोठा भाग शब्दांवर चालतो. शब्दांचे अर्थ, ऐकलेल्या गोष्टीतली चूक, दोन वस्तूंतलं साम्य. भाषेचा दोष असलेल्या मुलाला तिथे गुण पडत नाहीत आणि ‘सौम्य मतिमंद’ असा जुना शिक्का नव्या शब्दांत बसतो. तेच मूल सेगँ यांच्या लाकडी फळीवर दहा आकार आपापल्या खाचांत सटासट बसवतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायला हवेत, आणि माझी मानसशास्त्रज्ञ मैत्रीण ते वाचते. सगळीकडे अशी मैत्रीण असतेच असं नाही. पूर्वी तर बुद्ध्यंक चांगला आणि भाषा कमी, अशी तफावत दिसली तरच भाषेचा दोष मान्य व्हायचा. डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने २०१६-१७मध्ये इंग्रजीभाषक देशांतल्या तज्ज्ञांनी एकमत करून ती अट काढली आणि ‘विकासात्मक भाषा विकार’ हे नाव पक्कं केलं. स्वमग्नता नाही, बहिरेपण नाही, मेंदूला इजा नाही, बौद्धिक अक्षमता नाही, तरी भाषा टिकाऊपणे अडते, अशी मुलं. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात शाळेत नव्याने आलेल्या मुलांत ती सुमारे साडेसात टक्के निघाली, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोघं. स्वमग्नता आज पानटपरीवरच्या माणसालाही माहीत आहे. त्याहून जास्त आढळणारा हा विकार शिक्षकांच्या प्रशिक्षणातही क्वचित ऐकू येतो.

आणि मोजायची ती मराठी कोणती? कोल्हापूरकडची मुलगी ‘मी जातो’ म्हणाली तर ती चुकलेली नाही, तिची आईही तसंच म्हणते. नागपूरचा मुलगा ‘तो खेळून राहिला’ म्हणेल. खानदेशातलं मूल घरात अहिराणी बोलतं, पालघरचं वारली. पुण्यात छापलेल्या चित्रांच्या पुस्तकावरून या सगळ्यांना गुण देणं म्हणजे एकाच मापाचे बूट सगळ्यांच्या पायात कोंबणं. याउलट शहरी मुलगे ‘मी जाते’, ‘मी पिते’ म्हणतात, कारण दिवसभर कानावर आईचंच क्रियापद पडतं. अडीच वर्षांच्या मुलग्याचं हे बोलणं ऐकून काही घरांत उगाच कुजबुज सुरू होते. मी त्यांना सांगते, बाबांना रोज अर्धा तास त्याच्याशी बोलायला लावा, ‘मी जातो’ आपोआप येईल. हा सल्ला व्याकरणासाठी आहे की बाबांसाठी, ते मी सांगत नाही.

खरी गुंतागुंत इंग्रजी माध्यमाची. तीन वर्षांचं मूल शंभरपर्यंत इंग्रजी आकडे म्हणतं, प्राण्यांची इंग्रजी नावं धडाधड सांगतं, मोबाइलवरची गाणी सुरासकट म्हणतं, आणि तहान लागली की आईचा हात धरून फिल्टरपाशी नेऊन उभं राहतं. घरचे आकड्यांवर खूश असतात. पाठ म्हणणं आणि भाषा वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगताना मला त्यांचा अभिमान मोडायचा नसतो, पण मोडतोच थोडा. त्यात शाळेने फर्मान काढलेलं असतं: मुलाचा गोंधळ होतोय, घरी फक्त इंग्रजीत बोला. मग ज्या आईला इंग्रजीत चार आज्ञा तेवढ्या येतात ती मुलाशी त्या चार आज्ञांपुरतंच बोलते. त्या घरातलं भांडण, चेष्टा, ‘तुला आठवतं का आपण जत्रेत गेलो होतो’ हे सगळं बंद पडतं, आणि भाषा वाढते ती नेमकी यातून. दोन भाषांनी भाषेचा विकार होत नाही, स्वमग्नताही होत नाही. विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो, एका भाषेत दिसला आणि दुसरीत नाही तर आधी सवयीचा प्रश्न असतो. म्हणून मुलाच्या सगळ्या भाषांचा हिशेब घ्यावा लागतो: आजीशी कोणती, पाळणाघरात कोणती, चाळीत कोणती.

माझ्याकडे भोजपुरी बोलणारी, तेलुगू बोलणारी मुलं येतात तेव्हा दुभाषी बहुतेकदा आजी किंवा मावशी असते. आज्या फार दयाळू दुभाषी असतात. नातू तीन तुटके शब्द म्हणतो, आजी मला संपूर्ण, सुंदर वाक्य सांगते. ‘तो म्हणतोय की त्याला लाल गाडी पाहिजे.’ मी म्हणते, ‘आजी, तो जसं बोलला अगदी तसंच सांगा.’ आजी म्हणतात, ‘तेच तर सांगितलं!’ शेवटी आम्ही ध्वनिमुद्रण करतो आणि शब्द-शब्द थांबवून ऐकतो. अशा मुलांसाठी मला अमेरिकेतल्या एलिझाबेथ पेन्या यांनी रुजवलेली एक पद्धत फार पटते. मुलाला काय येतं ते मोजून थांबायचं नाही. थोडं शिकवायचं आणि किती चटकन घेतो ते बघायचं. एका लाकडी तुकड्याला मी ‘ढोबी’ म्हणते. खेळात चार-पाचदा ढोबी येते, हरवते, सापडते. मग अर्ध्या तासाने, ‘ढोबी कुठंय?’ ज्याला फक्त संधी मिळाली नव्हती ते मूल ढोबी शोधून आणतं आणि दुसऱ्या दिवशी भावाला सांगतं. ज्याला शब्द धरून ठेवणंच जड जातं त्याच्या हातून ढोबी पुन्हापुन्हा निसटते. यासाठी कुठल्याही प्रमाणित तक्त्याची गरज पडत नाही.

वर्तन आणि भाषा एकमेकांचे मुखवटे कसे घालतात याची काही उदाहरणं तर रोजची आहेत. पाणी हवं असताना ‘तुला पाणी हवंय का?’ असं आईच्याच सुरात विचारणारा मुलगा. वडिलांना वाटतं तो नकला करतो. लिओ कॅनर यांनी १९४३ साली पहिल्यांदा स्वमग्नतेच्या अकरा मुलांचं वर्णन केलं त्यातही हे होतं: ऐकलेलं वाक्य सर्वनामासकट जसंच्या तसं परत. तो नकला करत नाही, मागतोय. वाक्याचा तयार तुकडा त्याच्याकडे आहे, तो सुटा करून ‘मला’ बसवणं त्याला अजून जमत नाही. दुसरीकडे, माझ्या खोलीत अवाक्षर न काढणारी मुलगी. शाळेतही दोन वर्षं गप्प. आई मोबाइल उघडते आणि व्हिडिओत ती धाकट्या भावाला ‘हात धुतलेस का, खोटं बोलू नकोस’ असं दटावत असते. तिच्या भाषेचा नमुना मला त्या व्हिडिओतूनच घ्यावा लागतो. अशा निवडक मूकपणाला २०१३पासून मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात चिंताविकारांमध्ये मोजतात, आणि ते योग्यच आहे. तरी अशा मुलांचीही भाषा तपासावी, कारण काहींच्या गप्प बसण्याच्या तळाशी ‘आपलं बोलणं चुकतं’ ही जाणीव असते. चंचलतेच्या मुलांचंही तसंच. गोष्ट ऐकताना उठून जाणाऱ्या मुलाचं लक्ष टिकत नाही म्हणून गोष्ट सुटते, की गोष्ट समजत नाही म्हणून लक्ष उडतं? समोर बसवून, त्याच्या पातळीची छोटी वाक्यं वापरून तीच गोष्ट सांगितली आणि तो बसून राहिला, तर मी डॉक्टरांना फोन करते. गोळी सुरू करायच्या आधी.

आयांवर येणाऱ्या दोषाबद्दल एवढंच, की मी तो ऐकून कंटाळले आहे. आई नोकरी करते म्हणून, आई मोबाइल बघते म्हणून, आई कमी बोलते म्हणून. मोबाइल बाजूला ठेवायला मीही सांगते. पण एकाच घरात, त्याच आईजवळ, मोठी बहीण पाचव्या वर्षी वकिलासारखी बोलत होती हे कुणी लक्षात घेत नाही.

अहवाल कसा लिहावा यावर आमच्याकडे मतभेद आहेत. दाखल्याला आकडा लागतो. दिव्यांग हक्क कायद्यात २०१६पासून वाचा-भाषा दिव्यांगत्वाला स्वतंत्र जागा आहे, टक्केवारी द्यावी लागते, आणि त्या टक्केवारीवर सवलती अवलंबून असतात, म्हणून मी ती नीट काढते. पण ‘भाषिक वय दोन वर्षे आठ महिने’ हे वाचून बालवाडीच्या बाईंनी उद्या सकाळी काय करायचं? त्यांच्यासाठी मी वेगळा कागद लिहिते. एका वेळी एकच सूचना द्या. सूचना दिल्यावर दहापर्यंत मनात मोजा. भांडण झालं तर ‘का’ विचारू नका. ‘आधी काय झालं’ विचारा, आणि जमलं तर खडू-फळ्यावर काढून दाखवायला सांगा. सगळ्यांसमोर कविता म्हणायला उभं करू नका. डॉक्टरांसाठी तिसरा कागद: या मुलाला ‘म्हणून’ आणि ‘जर-तर’ची वाक्यं समजत नाहीत, भावनांचे शब्द दोनच आहेत, हसणं आणि रडणं, बोलून करायची थेरपी सध्या चित्रं आणि खेळ यांच्या आधाराने करावी.

डॉक्टरांचं म्हणणं असतं की एका मुलामागे दहा मिनिटं मिळतात, त्यात हे बसवायचं कुठे. ते चुकीचं बोलत नाहीत. बाहेर बाकांवर माणसं मावत नसतात. मी त्यांना दोन गोष्टी मागते. मुलाला प्रश्न विचारण्याआधी, हातवारे न करता, ‘चमचा बुटात’सारखं एक वाक्य. आणि परत म्हणायला दोन वाक्यं, एक सोपं, एक ‘जो-तो’चं. त्यात अडलं तर माझ्याकडे. निदान माझं टेबल कुठे आहे हे आता नव्या निवासी डॉक्टरांनाही सांगितलं जातं.

उरतो तो प्रवास. जव्हार-मोखाड्याकडून आलेल्या बाईला मी ‘पुढच्या मंगळवारी या, उरलेली तपासणी करू’ म्हणते तेव्हा तिचा एक दिवसाचा रोज बुडणार असतो आणि नवऱ्याचाही. पुष्कळजण परत येत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी काय करायचं याचा क्रम मी ठरवून टाकला आहे: कानाची चिठ्ठी, मग समजणं, मग खेळ, मग परत म्हणवून घेणं. उच्चार शेवटी, वेळ उरला तर. आई निघताना विचारते, ‘पण बोबडं कधी सुटणार?’ मी तिला बाईंसाठीचा कागद हातात देते आणि त्यातली पहिली ओळ तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घेते. वाचता येत नसेल तर सोबत आलेल्या मोठ्या बहिणीकडून.